तीस वर्षांचा गावठी गुलाब मुळासकट हलवायचाय. जगेल का?

ओसरी | २७ ऑगस्ट, ११:१०

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. कोथरूड, तळमजला, मागच्या बाजूला जेमतेम दहा बाय बाराची मोकळी जागा, तीच आमची बाग. कुंड्यांची चिंता नाही, त्या हलतील. प्रश्न जमिनीतल्या दोन गुलाबांचा आहे.

पहिला गावठी. फिकट गुलाबी, गच्च पाकळ्यांचा, वासाचा. सासूबाईंनी लावलेला, तीसेक वर्षांचा तरी असेल. बुंधा माझ्या मनगटाएवढा, आणि आजूबाजूने जमिनीतून सारखे फुटवे येतात. दुसरा नर्सरीतून आणलेला ग्लॅडिएटर, डोळा भरलेला. तोही आता बारा-तेरा वर्षांचा झालाय.

नोव्हेंबरच्या मध्यावर बिल्डरला किल्ल्या द्यायच्या आहेत. आम्ही भाड्याने तिसऱ्या मजल्यावर जातोय, तिथल्या बाल्कनीत ऊन सकाळी दोन तास. नणंदेचं वाईला घर आहे, मोठं अंगण आहे, ती म्हणते आणून लाव इथे.

तर इतकं जुनं झाड हलवलं की जगतं का? आत्ता पावसात हलवू की थांबू? किती खोल खणायचं? माळीदादा म्हणाले, "काय नाय होत ताई, उपटू आणि लावू." त्यामुळेच जास्त भीती वाटतेय.

खडूस_शनिवारपेठ | २७ ऑगस्ट, ११:२४

करारात गुलाबाला कार्पेट एरिया मागून घेतला का? नसेल तर अजून सह्या करू नका.

निवडुंग | २७ ऑगस्ट, ११:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जुनं झाड हलवण्याचा खर्च, टेम्पो, माणसं, एवढ्यात चांगली पाच रोपं येतील. नवीन रोप वर्षभरात फुलांवर येतं. भावनेच्या भरात लोक म्हातारी झाडं हलवतात आणि महिनाभराने काड्या उपटून टाकतात.

ओसरी | २७ ऑगस्ट, १२:०५

निवडुंग, राग नाही. पण सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांनी जाहीर केलंय की गुलाब वाईला जाणार असेल तर त्याही वाईला जाणार. नवीन रोपाचा विषय मी घरात काढू शकत नाही.

खडूस_शनिवारपेठ | २७ ऑगस्ट, १२:०९

म्हणजे गुलाब नाही जगला तर सासूबाई तिसऱ्या मजल्यावर? ताई, निर्णय विचार करून घ्या. 😄

ओसरी | २७ ऑगस्ट, १२:११

ओ शनिवारपेठ, त्या हा धागा वाचतात. मीच वाचून दाखवते.

वाफसा | २७ ऑगस्ट, २१:३२

ओसरीताई, मी मावळात आधी पॉलिहाऊसला होतो, आता छोटी नर्सरी आहे. दिवसभर हेच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दोन झाडांचे दोन वेगळे निर्णय घ्या. गावठी गुलाब स्वतःच्या मुळावर उभा आहे. जमिनीतून येणारे फुटवे त्याचेच आहेत. हलवल्यावर वरच्या सगळ्या फांद्या वाळल्या तरी मूळ जिवंत असेल तर खालून पुन्हा तोच गुलाब येणार. ग्लॅडिएटरचं तसं नाही. त्याला मूळ जंगली गुलाबाचं आहे आणि वर ग्लॅडिएटरचा डोळा बसवलाय. हलवताना डोळ्यापासून वरचं गेलं तर खालून जे फोफावेल ते जंगली, आणि लोक वर्षभर त्याला पाणी घालत फुलाची वाट बघतात. डोळा भरलेलं बारा-तेरा वर्षांचं झाड हलवू नये असं माझं मत. तिथे निवडुंग यांचं म्हणणं बरोबर आहे, नवीन आणा.

आता गावठीबद्दल. आत्ता हलवू नका. भर पावसात माती चिखल असते, हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) बांधताच येत नाही. उचलायला गेलं की माती खाली आणि हातात नागडी मुळं. परतीचा पाऊस ऑक्टोबरात आटोपतो, मग जमिनीला वाफसा येतो. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, आणि गोळा बोटाने टोचला तर फुटावा. तो दिवस हलवायचा. तसाही आपल्याकडे गुलाबाच्या मोठ्या छाटणीचा हंगाम तोच.

पण तयारी आत्ता, याच आठवड्यात. बुंध्यापासून वीतभर-सव्वा वीत अंतरावर गोल आखा. त्या गोलाच्या अर्ध्या भागावर धारदार फावडं सरळ खाली दाबून दीड फूट खोल चर काढा. मुळं तुटतील, तुटू द्या. चर लगेच बुजवा, त्यात कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. उरलेला अर्धा गोल दोन-तीन आठवड्यांनी. कापलेल्या मुळांना आतल्या बाजूला पांढरी केसमुळं फुटतात. झाड पाणी पितं ते या केसमुळांनी, जाड मुळांनी नाही. ऑक्टोबरात हुंडी काढाल तेव्हा ही नवी केसमुळं हुंडीच्या आत असतील. हे न करता थेट उचललं तर जाड मुळं सोबत येतात आणि पिणारी सगळी जुन्या जागेत राहतात. तुमच्या माळीदादांचं "उपटू आणि लावू" इथेच फसतं.

सुलभाकाकू | २७ ऑगस्ट, २२:१५

वाफसाभाऊ, छान लिहिलंत. ओसरी, मी तुला सांगते, लावताना खड्ड्यात चहाचा चोथा आणि केळीच्या साली घाल. आमच्या गुलाबाला कधी काही लागलं नाही.

वाफसा | २७ ऑगस्ट, २२:४१

काकू, चहाचा चोथा धुऊन, वाळवून कंपोस्टमध्ये टाकला तर हरकत नाही. पण लागवडीच्या खड्ड्यात कच्चं काहीच नको. ना साली, ना ओलं शेण. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात, त्या नेमकी नवी मुळं खातात. साखरेचा चोथा असेल तर मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

सुलभाकाकू | २७ ऑगस्ट, २२:४४

आम्ही बिनसाखरेचा पितो.

मुक्काम_श्टुटगार्ट | २८ ऑगस्ट, ०१:२०

इथे जर्मनीत आम्ही घर बदललं तेव्हा मालकिणीने स्वतःच सांगितलं की गुलाब घेऊन जा. पानं गळून झाड झोपलं की नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे फुगायच्या आधी काढतात, तेही माती न ठेवता. मुळं बादलीत भिजवायची आणि लावायचं, हुंडी वगैरे काही नाही. आणि डोळा भरलेला सांधा जमिनीच्या ५ सेंटिमीटर खाली गाडायचा. वाफसा यांच्या सांगण्यापेक्षा हे फारच सोपं वाटतं.

अवांतर: उत्तरेकडे हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर एक रानगुलाब आहे, त्याला हजार वर्षांचा गुलाब म्हणतात. २२ मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात कॅथेड्रल जळालं, वरचं झुडूपही जळालं, पण ढिगाऱ्याखालच्या मुळातून त्याच वर्षी पुन्हा फुटवे आले. तेव्हा ओसरीताई, तीस वर्षं म्हणजे काहीच नाही.

वाफसा | २८ ऑगस्ट, ०७:०५

श्टुटगार्टसाहेब, तुमच्याकडे बरोबर आहे, आमच्याकडे चालणार नाही. पुण्यात गुलाब झोपतच नाही. जानेवारीतसुद्धा पानं असतात, म्हणजे पाणी उडत असतं. मुळं उघडी केली तर पिणं बंद आणि उडणं चालू, दोन दिवसांत फांद्या सुरकुततात. म्हणून मातीसकट काढायचं. सांधा खाली गाडतात तो थंडीपासून वाचवायला. इथे तो जमिनीच्या दोन-तीन इंच वर ठेवायचा, नाहीतर कुजतो आणि वाळवीला आयतं घर.

हिल्डेसहाइमचं माहीत नव्हतं. तोही स्वतःच्या मुळावरचा, हे लक्षात घ्या.

रानवारा | २८ ऑगस्ट, ०९:५०

+१ वाफसा. एक भर. जुनं झाड हलवताना विमा उतरवून ठेवा, म्हणजे आत्ताच छाट कलमं करा. एकदा फूल येऊन गेलेली, पेन्सिलीच्या जाडीची काडी, आठ इंचांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वर दोन पानं ठेवायची, बाकी काढायची. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट, सावली, आणि कुंडीवर पारदर्शक पिशवी. पावसाळी हवेत गावठी गुलाब लवकर मुळं धरतो. डझनभर लावा, निम्मी जगली तरी डोक्याचा ताप गेला. मूळ झाड गेलं तरी झाड गेलं नाही.

आणि त्याहून सोपं: जमिनीतून येणारे जे फुटवे म्हणताय, त्यातला एखादा मुळासकट वेगळा करून कुंडीत लावा. तो जगणारच.

ओसरी | २८ ऑगस्ट, १०:३०

रानवारा, हे वाचून दाखवलं. सासूबाईंचं म्हणणं, "कलम म्हणजे त्याचं पोर. मला तोच पाहिजे." मी सांगितलं की कलम म्हणजे तंतोतंत तेच झाड असतं. त्या म्हणाल्या, "मग पोरं लावा तुमच्या बाल्कनीत आणि तो आणा माझ्याकडे."

निवडुंग | २८ ऑगस्ट, १०:४१

सासूबाईंचा मुद्दा तर्कात बसत नाही पण उत्तर सुचत नाहीये.

खडूस_शनिवारपेठ | २८ ऑगस्ट, १०:४३

निवडुंग निरुत्तर! धागा जतन करून ठेवा रे.

गोठण्याचा_बाळू | २८ ऑगस्ट, १३:१५

आमच्याकडे रत्नागिरीला ऑक्टोबर वगैरे काही नाही, आजी जूनच्या पहिल्या सरीला गुलाब हलवायची. तांबडी माती, पाणी थांबत नाही. खड्डा नाहीच, उंचवट्यावर लावायची आणि बाजूने जांभ्याचे दगड. काळ्या मातीवाल्यांचे नियम सगळीकडे लावू नका.

वाफसा | २८ ऑगस्ट, १३:४८

बाळूशेठ, मान्य. निचरा असेल तिथे जून उत्तमच, झाडाला चार महिने ढगाळ हवा मिळते. पण यांना नोव्हेंबरात जागा सोडायची आहे आणि माती कोथरूडची.

तात्या_पंतोजी | २९ ऑगस्ट, ०८:२०

गावठी गावठी म्हणताय, पण नक्की कोणता? कनौजच्या अत्तराचा आणि पुष्करच्या शेतांतला जो गुलाब, तो दमास्क. त्याचा मुख्य बहर वर्षातून एकदा, वसंतात. तुमचा वर्षभर थोडाथोडा फुलत असेल तर तो बहुधा एडवर्ड. त्याचं मूळ हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर. गंमत अशी की उत्तरेत डोळे भरायला खालचं जंगली मूळ म्हणून हाच एडवर्ड वापरतात. म्हणजे वाफसा ज्याला जंगली म्हणून हिणवतायत, तो कदाचित तुमच्या सासूबाईंचा लाडका असेल.

वाफसा | २९ ऑगस्ट, ०८:३३

तात्या, हिणवलं नाही हो! पण मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणूनच तो इतका चिवट असतो.

ओसरी | २९ ऑगस्ट, ०९:१०

वर्षभर फुलतो, उन्हाळ्यात कमी. गुलकंद त्याचाच करतो दरवर्षी.

खडीसाखर | २९ ऑगस्ट, ०९:२२

गुलकंद!! खडीसाखर की साधी साखर? पाकळ्या चुरगळता की अख्ख्या? उन्हात किती दिवस?

सुलभाकाकू | २९ ऑगस्ट, ०९:३०

खडीसाखर जाडसर कुटून. थरावर थर. काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून. आणि मधूनमधून कोरड्या चमच्याने हलवायचा. दिवस मोजत नाही मी, साखर विरघळून पाकळ्या काळपट झाल्या की झाला.

रानवारा | २९ ऑगस्ट, ०९:५१

फवारलेल्या झाडाचा करू नका एवढंच. हलवल्यानंतर वाळवीचं किंवा बुरशीचं औषध घातलंत तर तो हंगाम गुलकंदाला रजा. फुलवाल्याकडची लांब दांड्याची फुलं तर मुळीच नाही, ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात.

गुंठेवारी | २९ ऑगस्ट, २०:१४

मूळ प्रश्नावर येतो. कुणी वजनाचा हिशेब केलाय का? मी स्थापत्यवाला आहे, मला राहवत नाही. हुंडी दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल धरली तर सुमारे ११० लिटर माती. ओली माती लिटरला पावणेदोन किलो धरा. म्हणजे १९० किलो. दोन माणसांना हलणारसुद्धा नाही. दीड फूट रुंद केली तर एकशेपाच-एकशेदहा किलो, खाली निमुळती छाटली तर ऐंशी. रुंदी अर्ध्याच फुटाने कमी आणि खाली निमुळती, की वजन निम्म्याहून खाली.

ओसरी | २९ ऑगस्ट, २०:३०

बाप रे. आमच्या ह्यांच्या पाठीला पट्टा आहे.

वाफसा | २९ ऑगस्ट, २१:०२

गुंठेवारी, झकास. म्हणूनच मी वीत-सव्वा वीत म्हणालो होतो, ती दीड फुटी हुंडीच होते. ताई, दोन मजूर घ्या आणि हुंडी उचलू नका, ओढा. त्याची पद्धत अशी. गोलाबाहेरून फूटभर रुंद चर खणा, माणसाला वाकून हात घालता यायला हवा. मग हुंडीच्या खालून तिरकं कापत जा. शेवटी मधलं एखादं जाड मूळ सरळ खाली गेलेलं लागेल. ते पहारीने तोडू नका, चिरफळतं. करवतीने कापा, काप गुळगुळीत येतो. हुंडी एका बाजूला कलवा, तिच्याखाली गोणपाट निम्म्यापर्यंत गुंडाळून सरकवा, मग दुसऱ्या बाजूला कलवा आणि गोणपाट ओढून घ्या. कोपरे बुंध्याशी आणून सुतळीने करकचून बांधा. बाजूला फळी टाका, तिच्यावरून घसरत वर. बुंधा धरून उचलायचं नाही म्हणजे नाही, तसं केलं की आतल्या आत माती मुळांपासून सुटते आणि बाहेरून कळतही नाही.

गोणपाट तागाचं घ्या. प्लॅस्टिकचं पोतं असेल तर लावताना पूर्ण काढावं लागतं, आणि तेव्हाच हुंडी फुटते. ताग तसाच गाडला तरी कुजून जातो, फक्त वरची सुतळी कापून टाका.

चिमणचारा | ३० ऑगस्ट, १८:४०

फांद्यांचं काय? आमच्या ओळखीतल्या एकांनी हिरवंगार झाड न छाटता हलवलं, म्हणे फुलं चालू आहेत, कशाला कापू. आठवड्यात मान टाकली.

वाफसा | ३० ऑगस्ट, १९:१५

छाटायचंच. मुळं निम्मी गेली की वरचं निम्म्याहून जास्त जायला हवं. हलवायच्या आदल्या दिवशी तीन-चार निरोगी फांद्या दीड फुटावर ठेवा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप. जुन्या लाकूड झालेल्या फांद्या बुंध्यापासून. उरलेली पानं खुडून टाका.

कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट. मोरचूद १०० ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात, कळीचा चुना १०० ग्रॅम दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळं विरघळवून मग एकत्र. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवून बघा. लालसर थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. ही पेस्ट नाही लावली तर टोकापासून खाली काळं वाळत येणारा रोग जुन्या झाडाला हमखास धरतो.

सुलभाकाकू | ३० ऑगस्ट, १९:४०

आम्ही हळद लावतो.

वाफसा | ३० ऑगस्ट, १९:४२

लावा काकू. बारीक फांदीला चालून जाईल. मनगटाएवढ्या बुंध्याला मोरचूदच.

वाईकर_मेणवली | ३१ ऑगस्ट, ११:००

वाईचं नाव वाचून आलो. ताई, नणंदेच्या अंगणातली माती आधी बघा. नदीकडची असेल तर भारी काळी असते. खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं तर ती जागा सोडा. आणि लोक एक करतात, काळ्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत कोकोपीट-खत भरतात. मग पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं आणि तिथेच साचतं. निघालेलीच माती परत भरा, त्यात फार तर चौथा हिस्सा खत. फावड्याने खड्ड्याच्या कडा चोपून गुळगुळीत झाल्या असतील तर त्या ओरखडून घ्या, नाहीतर मूळ कडेला येऊन गोल गोल फिरत राहतं.

ओसरी | ३१ ऑगस्ट, १३:२०

धन्यवाद! नणंदबाईंशी बोलले. त्यांनी जी जागा ठरवलीय तिथे आधी त्यांचा एक गुलाब होता, तो गेल्या वर्षी गेला. तयार आळं आहे म्हणाल्या.

रानवारा | ३१ ऑगस्ट, १३:२६

तिथे नको!!

वाफसा | ३१ ऑगस्ट, १३:५५

रानवारा बरोबर. गुलाबाच्या जागी पुन्हा गुलाब लावला की नवा खुरटतो. हे जगभर अनुभवाला आलेलं आहे, जमिनीतल्या सूत्रकृमी आणि बुरशींवर संशय आहे. दुसरी जागा नसेलच तर दीड फूट खोल, दोन फूट रुंद माती काढून बाहेरची घाला. काढलेली माती फेकू नका, गुलाब सोडून दुसऱ्या झाडांना वापरा. पण अंगण मोठं आहे तर चार पावलं बाजूला लावा ना. पाच-सहा तास ऊन आणि भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब.

ओसरी | २१ सप्टेंबर, १७:०५

मंडळी, चर काढून झाले, दोन्ही अर्धे. पहिल्या अर्ध्याच्या वेळी झाड दोन दिवस मलूल होतं, मग सावरलं. आज सहज कडेची माती बोटाने उकरली तर कापलेल्या जागेपाशी पांढरे धागे दिसले. सासूबाईंना खुर्ची टाकून दाखवले. त्या म्हणाल्या, "झाका, ऊन लागेल."

कलमं लावलीत, काही काळी पडली, काही तग धरून आहेत. फुटवाही एक वेगळा केलाय, तो मजेत.

ग्लॅडिएटरचं ठरलं. तो नेत नाही. सोसायटीच्या वॉचमनदादांना पाहिजे होता, त्यांच्या गावी इंदापूरला नेणार म्हणाले. त्यांना छापील सूचना म्हणून हाच धागा पाठवलाय.

खडूस_शनिवारपेठ | २१ सप्टेंबर, १७:२०

धाग्याची छपाई करताना माझे प्रतिसाद गाळू नयेत ही विनंती.

ओसरी | २८ ऑक्टोबर, २२:५०

हलवला!

पाऊस उघडल्यावर थांबलो, मग गोळ्याची परीक्षा दोनदा घेतली. वाफसाभाऊ, तुमचं म्हणणं खरं ठरलं, आदल्या आठवड्यात माती हाताला नुसती चिकटत होती, या आठवड्यात गोळा टोचल्यावर तीन तुकडे. दोन मजूर आणि माळीदादा. माळीदादा सुरुवातीला हसत होते, पण मधलं मूळ लागल्यावर त्यांनीच करवत मागितली. ते मूळ अंगठ्यापेक्षा जाड होतं. कापताना आतून ओलं आणि पिवळसर, आणि करवतीच्या भुशाला चक्क ओल्या लाकडाचा गोड वास.

छोटा हत्ती पहाटे निघाला. फांद्यांवर ओलं फडकं, हुंडीच्या दोन्ही बाजूंना मातीच्या पिशव्या म्हणजे खंबाटकीत हलायला नको. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. सुरूर फाट्याला चहासाठी थांबलो तर त्या उतरल्या नाहीत, मागे कोण बघणार म्हणून.

वाईत खड्डा आधीच तयार होता, पाण्याची परीक्षा पास. निम्मी माती, मग भरपूर पाणी, ते जिरल्यावर उरलेली. पायाने तुडवली नाही. वर शेडनेट. आता पुढे काय?

वाफसा | २९ ऑक्टोबर, ०७:१०

उत्तम. आता दोन महिने खत बंद. नवीन पालवी हातभर होईपर्यंत काही घालू नका, डीएपी तर अजिबात नाही. पाणी रोज शिंपडत बसू नका. बोट दोन इंच खुपसा, कोरडं लागलं तर आळं भरून द्या, ओलं असेल तर परत फिरा. पालापाचोळ्याचं आच्छादन, पण बुंध्याला टेकवून नाही, वीतभर लांब. शेडनेट दोन-तीन आठवड्यांनी काढा. पहिल्या कळ्या आल्या तर खुडा, सासूबाईंना पटवून.

शंका आली तर झाड उपटून बघू नका (लोक बघतात!). नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं की जिवंत.

ओसरी | १४ डिसेंबर, १२:१५

अहवाल: चार फांद्या ठेवल्या होत्या. एक टोकापासून काळी पडत आली, ती नणंदबाईंनी हिरवं लागेपर्यंत कापून परत पेस्ट लावली. उरलेल्या तिन्हींना तांबूस पालवी आहे. शिवाय जमिनीतून एक जाड फुटवा आलाय, तो बाकी सगळ्यांपेक्षा जोरात.

कळ्या खुडायचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, त्या पुण्याच्या भाऊंना सांग, एक ठेवलीय.

वाफसा | १४ डिसेंबर, १३:००

एक चालेल. आणि मी मावळातला.

निवडुंग | १४ डिसेंबर, १३:३०

अभिनंदन. खर्चाचं माझं गणित तरीही बरोबर होतं. पण बाल्कनीतल्या कलमांपैकी एखादं जादा असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.

खडीसाखर | १४ डिसेंबर, १३:३२

निवडुंगांच्या आधी माझा नंबर!

चिमणचारा | १५ डिसेंबर, १०:०५

वाफसाभाऊ, माझ्याकडे जाई आहे, गच्चीपर्यंत गेलेली. आमचीही सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. तीही अशीच हुंडी बांधून नेता येईल का?

वाफसा | १५ डिसेंबर, १०:२०

वेलाची हुंडी कशाला बांधताय, दाब कलम करा. खालची एक लवचीक फांदी कुंडीतल्या मातीत दाबायची, मुळं सुटली की मागून कापायची. सविस्तर सांगतो, पण नवीन धागा काढा. इथे काकू जाईच्या चहाबद्दल लिहायला लागतील.